‘मामा, अजून जवळ घ्या’ : नदी सुरयाच्या उडत्या फोटोंचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. "दादा, बसलेला पक्षी पीस न् पीस मोजून घ्यावं इतका साफ येतो, आणि उडाला की फोकसच लागत नाही."

तक्रार करणाऱ्या ताई बारामतीकडच्या एका शाळेत गणित शिकवतात. पक्षी बघण्याचा नाद जुना, कॅमेरा त्या मानाने नवा. निकॉनची डी७५०० बॉडी आणि २००-५०० मिमीची एफ/५.६ झूम लेन्स (एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक किती उघडतं ते), दोन्ही मिळून वजन तीन किलोच्या घरात. खंड्या, वेडा राघू, पिंगळा अशा बसल्या पक्ष्यांचे त्यांचे फोटो खरोखर देखणे आहेत. भिगवण घरापासून फार लांब नाही, त्यामुळे हिवाळ्यातले रविवार उजनीच्या पाण्यावर जात. तिथे त्यांच्या मनात भरला तो नदी सुरय. राखाडी पाठ, पिवळीधमक चोच, दुभंगलेली लांब शेपटी, पंखांचा पसारा ८० सेंटिमीटरच्या आसपास. पाण्यावरून खाली मान घालून उडत येतो, एका जागी थबकून पंख फडफडवतो आणि पाण्यात स्वतःला टाकून देतो. चोचीत मासा आणि पंखांवरून निथळणारं पाणी, असा एक फोटो त्यांना हवा होता. मागच्या हिवाळ्यात तो मिळाला नव्हता, या हिवाळ्यातही मिळत नव्हता.

सल्ले भरपूर मिळाले होते. मिररलेस घ्या, त्यात पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस असतो. लेन्स कॅलिब्रेट करून घ्या, म्हणजे तिचा फोकस नेमका बसतो का ते तपासून जुळवून घ्या. शटरचा वेग १/४००० सेकंदाच्या खाली आणूच नका. त्यातला शेवटचा सल्ला फुकटचा असल्यामुळे ताईंनी तो लगेच अमलात आणला. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० वर गेला, फोटोत दाणे आले, धूसरपणा होता तिथेच राहिला. प्रकरण माझ्याकडे आलं तेव्हा कॅमेरा विकायचा की लेन्स, एवढाच प्रश्न शिल्लक होता.

कार्डात काय सापडलं

मी त्यांच्याकडे चांगले फोटो मागितले नाहीत. पुढच्या खेपेला काहीही डिलीट न करता अख्खं कार्ड घेऊन या, एवढंच सांगितलं. ताईंना होडीतच बसून वाईट फोटो उडवून टाकायची सवय होती. ही सवय बहुतेक सगळ्यांना असते, आणि शिकायच्या दिवसांत तिच्याइतकं नुकसान दुसरं कशानेच होत नाही. बिघडलेला फोटो हाच तर पुरावा. तो होडीत पुसून टाकला की घरी येऊन उरते ती फक्त चिडचिड.

कार्ड संगणकावर लावलं आणि फोटो एकेक न बघता एका बर्स्टमधले, म्हणजे बटण दाबून धरून सलग घेतलेले, सगळे ओळीने लावून बघितले. हे फार महत्त्वाचं आहे. सुटा धूसर फोटो फक्त धूसर असतो. तोच ओळीत बघितला की त्याच्या आधी काय झालं, नंतर काय झालं, हे कळतं. शंभर टक्के मोठा करून बघितल्यावर धूसरपणाचे चार प्रकार वेगवेगळे दिसले.

काही फोटोंत पाण्याच्या लाटांसकट सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं होतं. तो हाताचा हिसका. काहींत मागचं गवत साफ आणि पक्षी लोण्यासारखा मऊ, म्हणजे फोकस पक्ष्यावरून सुटून मागे जाऊन बसलेला. दहा वाजल्यानंतरच्या जवळपास सगळ्या फोटोंत कडा थरथरल्यासारख्या होत्या. पाण्यावरची हवा तापून हलायला लागली की असं होतं आणि त्याला जगातल्या कुठल्याही कॅमेऱ्याकडे औषध नाही. होडी काठाला लावून चहा घ्यावा.

चौथा प्रकार सगळ्यात जास्त होता आणि प्रकरणाचं मूळ त्यातच निघालं. बर्स्टच्या पहिल्या दोन-तीन फ्रेम मऊ, मग एक फ्रेम चक्क साफ, आणि तिच्यात सुरय फ्रेमच्या कडेला अर्धा कापलेला. पुढची फ्रेम रिकामी, नुसतं पाणी. हाच क्रम पुन्हा पुन्हा. याचा अर्थ सरळ होता. फोकस लागत होता. लेन्स ठणठणीत होती, कॅलिब्रेशनही ठीक होतं. फोकस लागायला जो थोडा वेळ हवा, तो पक्षी फ्रेममध्ये असेपर्यंत मिळत नव्हता. कॅमेऱ्याला उशीर होत नव्हता. पक्ष्यालाच घाई होती, आणि ती घाई कुठून आली हे शोधायचं होतं.

आणखी एक गोष्ट दिसली, ती ताईंच्याच लक्षात आली. जे थोडे साफ फोटो होते त्यांत सुरयाची शेपटी आपल्याकडे होती. पक्षी लांब जाताना टिपलेला. चोच, डोळा, मासा सगळं पलीकडच्या बाजूला.

अंतराचं गणित

होडीत बसल्यावर फोटोवाल्याच्या तोंडी एकच वाक्य असतं : "मामा, अजून जवळ घ्या." कुंभारगाव-डिकसळच्या काठावरून होड्या सोडणारे बहुतेक जण तिथलेच मासेमारी करणारे. १९८० साली उजनी धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी मागे पसरलं, त्या पाण्यावर त्यांचं पोट आहे, आणि गिऱ्हाइकाला काय हवं ते त्यांना पाठ झालंय. जवळ घ्या म्हटलं की घेतात. ताईंच्या फोटोंतली अंतरं बघितली तर सुरय दहा, पंधरा, फार तर वीस मीटरवर. लेन्स कायम ५०० वर लावलेली.

गणिताच्या बाई समोर असल्यामुळे कागदच पुढे केला. सुरयाचा वेग हिशोबापुरता सेकंदाला १० मीटर धरला, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. डी७५०० सारख्या क्रॉप, म्हणजे छोट्या, सेन्सरवर ५०० मिमी लावलं की समोरचा जेमतेम २.७ अंशांचा तुकडा दिसतो. वीस मीटरवर त्याची रुंदी होते ९४ सेंटिमीटर. सुरय आडवा गेला तर तो हा तुकडा एक दशांश सेकंदाच्या आत ओलांडतो. डी७५०० सेकंदाला आठ फ्रेम घेतो, म्हणजे दोन फ्रेममध्ये एक अष्टमांश सेकंदाचं अंतर. कॅमेरा स्थिर धरला तर दुसऱ्या फ्रेमला पक्षी नसणारच. कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवायचा म्हटलं तर वीस मीटरवर तो सेकंदाला २९ अंशांनी फिरवावा लागतो, दहा मीटरवर ५७ अंशांनी. तीन किलोचं धूड डोळ्याला लावून, हलत्या होडीत.

एसटीच्या खिडकीतून बघताना रस्त्याकडेचा खांब सर्रकन जातो आणि लांबचं देऊळ बराच वेळ सोबत करतं, तोच हा प्रकार. अंतर दुप्पट केलं, चाळीस मीटर धरलं, तर फिरण्याचा वेग सेकंदाला १४ अंशांवर येतो. हाताला एवढं जमतं.

ताईंचा आक्षेप रास्त होता. "मग पक्षी एवढासा येणार ना?" तेही मांडून बघितलं. चाळीस मीटरवर ५०० मिमीची फ्रेम १.८८ मीटर रुंद. त्यात ८० सेंटिमीटरचा सुरय. म्हणजे फ्रेमच्या चाळीस टक्क्यांहून जास्त रुंदी त्याचीच. फोटोची रुंदी ५५६८ पिक्सेल असल्यामुळे पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत २३०० पिक्सेलच्या वर मिळतात. भिंतीवर लावायला एवढे पुरतात.

आणि फोकसची खोली? ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटते. ५०० मिमी, एफ/५.६ ला वीस मीटरवर साफ दिसणारा पट्टा साधारण ३६ सेंटिमीटरचा. दहा मीटरवर तोच ९ सेंटिमीटर, म्हणजे फोकस पंखाच्या टोकावर बसला तर डोळा गेलाच. चाळीस मीटरवर पट्टा १.४ मीटरच्या आसपास जातो. अख्खा सुरय त्यात मावतो, फोकस छातीवर बसला काय किंवा पंखावर बसला काय, डोळा साफच. ज्या बारीक फोकससाठी नवा कॅमेरा घ्यायचं चाललं होतं, तेवढा बारीक फोकस मुळात लागतच नव्हता. वीस मीटर मागे सरकायचं, बस्स.

होडीवाल्या मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वल्हं थांबवलं. "समदी म्हणत्यात जवळ घ्या, आन् तुम्ही म्हणताय लांब धरा. पाखरू दिसंल का त्यात?" पुढच्या खेपेला कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून दाखवला तेव्हा "आसं व्हय" म्हणाले. त्यानंतर मात्र आम्ही न सांगता होडी लांब धरायला लागले. वल्हवणं वाचतं हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असावं.

वाऱ्याची बाजू

शेपटीचा प्रश्न राहिला होता. त्याचं उत्तर वाऱ्यात होतं.

उडणारा पक्षी उतरताना आणि उठताना तोंड वाऱ्याकडे करतो. पंखांवरून जाणारी हवा वाऱ्यामुळे आयती वाढते, जमिनीवरचा वेग कमी ठेवूनही त्याला तरंगता येतं. सुरय पाण्यावर मासा शोधतो तोही शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून, कारण तसंच त्याला सावकाश उडता येतं आणि एका जागी थांबता येतं. वारा सेकंदाला ५ मीटरचा असेल, तर हवेत १० च्या वेगाने उडणारा सुरय पाण्यावरून ५ च्याच वेगाने पुढे सरकतो. फोटोवाल्याला यापेक्षा मोठी सवलत कोणी देत नाही. वाऱ्याबरोबर परत जाताना तोच सुरय १५ च्या वेगाने निघून जातो. त्या वेळी कॅमेरा खाली ठेवावा, दंड मोकळे करावेत.

म्हणजे वारा आपल्या पाठीवर हवा. मग सुरय आपल्याकडे तोंड करून, सावकाश येतो. सूर्यही पाठीशी हवा हे सगळ्यांनाच माहीत असतं. हिवाळ्यात आपल्या पठारावर सकाळी पूर्वेकडून, ईशान्येकडून हलका वारा असतो आणि सूर्यही त्याच बाजूला. दोन्ही गोष्टी फुकटात जुळून येतात. होडी पक्ष्यांच्या पूर्वेला नेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसायचं.

ताई नेमक्या उलट बसत होत्या. काठावरून निघाल्यावर सुरय जिथे पहिल्यांदा दिसतील तिथेच होडी थांबवायची आणि तिथून फोटो घ्यायचे, असा त्यांचा शिरस्ता. कोवळ्या उन्हात कधी सूर्य बाजूला, कधी समोर. दुपारी उशिरा गेल्या तर सूर्य पाठीशी घेऊन पूर्वेकडे तोंड करायच्या, आणि पूर्वेचा वारा असला की सगळे सुरय शेपटी दाखवत पलीकडे तोंड करून मासे मारायचे. प्रकाश उत्तम, फोटो निरुपयोगी. कार्डातल्या शेपट्यांचा उलगडा इथे झाला.

वारा कुठून आहे हे कळायला यंत्र लागत नाही. वाळूच्या दांड्यावर बसलेले कुरव बघावेत, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला असतात. तीच वाऱ्याची बाजू.

हात आणि अंगठा

आता कॅमेऱ्याकडे. इथे बदल थोडेच केले, पण प्रत्येकाला कारण होतं.

ताई लेन्स तिच्या ट्रायपॉडच्या पायाला धरून उचलायच्या. तो पाय फिरवून वर केला आणि डावा तळवा पुढे, हूडच्या जवळ नेला. हात जितका पुढे, तितकं टोक कमी डुगडुगतं. दोन्ही कोपरं बरगड्यांना टेकवली. फिरायचं ते कमरेतून. खांदा आणि मनगट जागच्या जागी. होडीत पाय फिरवता येत नाहीत, म्हणून बसतानाच गुडघे जिथे शेवटचा फोटो घ्यायचा त्या दिशेला ठेवायचे आणि पक्षी येतो त्या बाजूला कंबर वळवून सुरुवात करायची. उलट केलं की ऐन क्षणी अंगाला पीळ बसतो आणि कॅमेरा अडकतो. ट्रायपॉड होडीत काहीच कामाचा नाही. लेन्सवर हलणं सावरण्यासाठी दोन पर्याय आहेत, नॉर्मल आणि स्पोर्ट. होडीत फिरवत फोटो घ्यायचे तर स्पोर्ट. शेजारचं फोकसचं बटण ‘फुल’वरून ‘६ मीटर ते अनंत’वर सरकवलं, म्हणजे फोकस चुकला तरी लेन्स पार नाकासमोरपर्यंत जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही.

फोकसचं काम शटरच्या बटणावरून काढून अंगठ्याकडे दिलं. या बॉडीवर एएफ-ऑन असं वेगळं बटण नाही, पण एई-एल/एएफ-एल लिहिलेल्या बटणाला तेच काम मेनूमधून नेमून देता येतं. अंगठा दाबलेला असेपर्यंत फोकस पक्ष्यामागे धावतो, सोडला की आहे तिथे थांबतो. सुरय गवताच्या मागून जातोय असं दिसलं की अंगठा उचलायचा, बाहेर आला की पुन्हा दाबायचा. फोकसचे सगळे ५१ बिंदू चालू ठेवण्यापेक्षा ग्रुप, म्हणजे जवळजवळच्या काही बिंदूंचा गट, घेतला. ५१ बिंदूंना पाण्यावरची चमकही आवडते.

खरं वळण मात्र यातल्या कशानेच आलं नाही. ते आलं डोळ्याच्या सवयीने. ताई सुरय जवळ आला की कॅमेरा उचलायच्या, मग त्या २.७ अंशांच्या भोकातून त्याला आकाशभर शोधायच्या. सापडेपर्यंत तो निघून गेलेला. आता लांबूनच नुसत्या डोळ्यांनी एक सुरय निवडायचा. कुठलाही एकच, आणि त्याच्यावर नजर ठेवून, नजर न हलवता, कॅमेरा नजरेच्या रेषेत वर आणायचा. लेन्स २०० वर. २०० ला ६.७ अंश दिसतात, पक्षी आयता सापडतो. सापडला की अंगठा दाबायचा आणि फिरवत राहायचं, फोटो नाही. मग झूम ३५०-४०० पर्यंत. शटर सगळ्यात शेवटी, सुरय ठरवलेल्या अंतरात आल्यावर. तोपर्यंत फोकस दोन-तीन सेकंद त्याच्यावर बसून स्थिरावलेला असतो आणि पहिली फ्रेमसुद्धा साफ येते.

एत्येन-ज्यूल मारे नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १८८२ साली उडते पक्षी टिपायला जो कॅमेरा केला तो दिसायला चक्क बंदूक होता. दस्ता खांद्याला, लेन्स नळीत, चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रं. डी७५०० पेक्षा चार जास्तच! वेगापेक्षा मला त्याचा घाट आवडतो. बंदूक हातात घेतली की माणूस आपोआप आधी नेम धरतो, सावजाबरोबर नळी फिरवतो, मग चाप ओढतो. आपले कॅमेरे तसे नाहीत, म्हणून तो क्रम शिकवावा लागतो.

हे सगळं भिगवणला जाऊन शिकायची गरज नव्हती. शाळेच्या मैदानावर घिरट्या घालणाऱ्या घारींवर ताईंनी डबा खाल्ल्यावर सराव केला. घार मोठी, संथ, परत परत येणारी. संध्याकाळी थव्याने झाडाकडे परतणारे गायबगळे, तेही रोज त्याच वाटेने. पोरं विचारायची, मॅडम कशाचा फोटो काढताय? कार्ड बऱ्याचदा कॅमेऱ्यात नसायचंच.

पांढऱ्याचा घोळ

उजेडाचं थोडक्यात. ताई आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवत होत्या. गडद पाण्यावरून सुरय गेला की कॅमेरा पाणी बघून फोटो उजळवायचा आणि सुरयाचं पोट जळून पांढरं फटक. तोच सुरय आकाशात वर गेला की उलट, अंगावर सावली. पक्ष्यावरचं ऊन मात्र दोन्हीकडे तेवढंच होतं. म्हणून ऊन स्थिर असताना सगळं हाताने ठरवायचं : ऊन चढल्यावर १/३२००, एफ/५.६, आयएसओ ४००. एक फोटो घ्यायचा, पडद्यावर पांढऱ्या जागा लुकलुकायला लागल्या तर आयएसओ थोडा खाली. मग ढग येईपर्यंत विसरून जायचं. कोवळ्या उन्हात आयएसओ ८००. रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक यांसारख्या मोठ्या संथ पक्ष्यांना १/१६०० सुद्धा पुरतो.

काय सुधारलं, काय राहिलं

काही रविवारांनंतरचं कार्ड पुन्हा ओळीने लावून बघितलं. आता बर्स्टच्या पहिल्या फ्रेमपासून सुरय मधोमध आणि साफ, निम्म्याहून जास्त ओळींत शेवटपर्यंत. पाण्यातून वर येऊन, चोचीत मासा धरून, वाऱ्याकडे तोंड करून जड पंखांनी उठणारा सुरय त्यांना मिळाला. थेंब मोजता येतात. हा क्षण मी मुद्दाम आधी निवडायला सांगितला होता. सूर मारतानाचा क्षण सगळ्यांना हवा असतो, पण पाण्यातून बाहेर येणारा सुरय कुठून येणार हे आपल्याला एक क्षण आधी कळलेलं असतं, तो तिथेच बुडालेला असतो. बाहेर येताना तो सगळ्यात हळू असतो. थोडा वर गेला की हवेतच अंग झाडतो, तेव्हाही सापडतो.

सूर मारतानाचा फोटो अजून नाही. कारण समजायला सोपं आहे. पाच मीटरवरून खाली पडायला एक सेकंद लागतो, आणि त्या सेकंदात कॅमेऱ्याची चाल आडवीची एकदम उभी होते. हाताने आडवं फिरायचं शिकलेलं असतं, खाली कोसळायचं नाही. सध्या त्यांचा प्रयत्न असा चाललाय : सुरय थबकून फडफडायला लागला की झूम मागे ३०० वर, पक्षी फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात ठेवायचा, म्हणजे खाली पडायला जागा राहते. थबकलेले सगळे सुरय सूर मारत नाहीत, बरेच नुसते पुढे जातात. शेपटी पसरून मान सरळ खाली झाली तर बहुतेक मारतो.

मिररलेसबद्दल ताईंनी पुन्हा विचारलं. माझं मत असं, की पक्ष्याचा डोळा ओळखणारा फोकस खरोखर कामाचा आहे, सूर मारताना तर नक्कीच, आणि पैसे असतील तर घ्यावा. पण तो फ्रेममध्ये असलेल्या पक्ष्याचा डोळा शोधतो. फ्रेमबाहेरचा पक्षी आत आणून देत नाही, आणि वाऱ्याची बाजूही सांगत नाही. ज्या दिवशी पहिलं कार्ड बघितलं त्या दिवशी नवा कॅमेरा घेतला असता तर साफ शेपट्यांचा मोठा संग्रह झाला असता.

एका गोष्टीवर ताईंचं आणि माझं वाजलं. शेजारच्या होडीतले लोक मासळीचे तुकडे फेकून कुरव आणि सुरय होडीभोवती गोळा करत होते आणि फटाफट फोटो घेत होते. ताईंना वाटलं, शिकायपुरतं काय हरकत आहे? माझ्या मते आहे. एक तर पक्ष्याला होडीमागे धावायची सवय लागते. दुसरं, फोटोवाल्याच्या स्वार्थाचं कारण : फेकलेल्या मासळीवर येणारे पक्षी पाच-सात मीटरवर घोंघावतात. तिथे पट्टा काही सेंटिमीटरचा, चाल वेडीवाकडी, मागे दुसऱ्या होडीतल्यांच्या टोप्या. ज्या अंतरातून बाहेर पडायला एवढा खटाटोप केला, तिथेच परत. रोहितांचा थवा उठवून देण्याचा हट्ट त्याहून वाईट. रोहित उडायला पाण्यावर बरंच धावतो, मोठ्या कष्टाने उठतो, आणि त्याने खायला निवडलेली चिखलाची जागा आपण एका फोटोसाठी रिकामी करतो. त्यांना उडायचं तेव्हा ते उडतातच. आधी माना वर होतात, आवाज वाढतो, चालायला लागतात. तेवढ्या वेळात कॅमेरा सहज वर येतो.

मार्च लागला की इथलं सगळं वेळापत्रक उलटं होतं. वारा पश्चिमेकडचा होतो, दुपारनंतर जोर धरतो. सकाळी सूर्य एका बाजूला आणि वारा दुसऱ्या. म्हणून सकाळ सोडून संध्याकाळ धरायची, आपण पक्ष्यांच्या पश्चिमेला. पण उन्हाळ्यात पाणी उतरून वाळूचे दांडे उघडे पडतात आणि नदी सुरय त्यांच्यावर उघड्यावरच अंडी घालतात. तेव्हा दांड्यांकडे होडी न्यायचीच नाही. सुरय उठले की अंडी उन्हात पडतात आणि कावळे, घारी टपलेल्याच असतात. मामांशी तसं ठरलं आहे : मार्च ते मे फक्त काठावरून, आणि दांडा दिसत नाही अशा जागेवरूनच. ताईंचा सूर मारतानाचा फोटो आता तिथून व्हायचा आहे.